उणे ऐंशी

बाहेर सेहेचाळीस, आत उणे ऐंशी.
मधल्या दाराशी माझं टेबल,
टेबलावर भर जुलैत लोकरीची टोपी.
मस्कतमधल्या घलाच्या या गल्लीत
टायरवाले, फरशीवाले, त्यांच्यामागे आमचं कोठार:
देशभरातल्या खंगत चाललेल्या मूत्रपिंडांचं
थेंब थेंब गोठवलेलं म्हणणं.

सुरुवातीला पाच हॉस्पिटलं, पाच चुली.
सूरला रक्त सकाळी काढत, निझवाला जेवणानंतर.
सोहारची झाकणं निळी, सलालाची पिवळी.
एकाचं क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये,
दुसऱ्याचं मायक्रोमोलमध्ये.
बैठकीला कहवा यायचा, खजूर यायचे,
माहिती यायची नाही.
"नमुने आमचे," जो तो म्हणे,
जसं काही लघवीला स्वतः बसले होते.

मी तक्ता करत होते. सहा महिने.
उपाशी की जेवून, नळी किती वेळ उन्हात,
किती वाजता बर्फात.
डॉक्टर झुवैना म्हणाल्या, "सुहिता,
ही लग्नाची यादी आहे. कुणीतरी रुसणारच."
निझवाचे डॉक्टर खल्फान रुसले.

आणि ०४१७.
सूरला दुभाषी म्हणून गेले तेव्हा भेटला.
परांची बांधणारा, आमच्या खाडीच्या पलीकडचा.
नाव सांगणार नाही, तसं लिहून दिलंय मी.
"वर पानी प्यायचोच नाय," तो म्हणाला,
"खाली उतरून लघवीला गेलो की
अर्ध्या तासाचा पगार कापायचे."
संमतीचा कागद वाचून दाखवला, वीस मिनिटं.
त्यानं एवढंच विचारलं,
"ह्यानं मी बरा व्हनार हाय का?"
नाही, मी म्हटलं. बहुतेक नाही.
"मग कोन?"
कोणीतरी. पुढचा.
तो खाली बघून हसला.
"म्हंजे वर चडनाऱ्यासाठी खालची गाठ मारायची.
चौदा वर्सं तेच करतोय की."
आणि सही केली, अगदी सावकाश,
आडनावासकट.

तेरा जुलै, रात्री एक चाळीस.
सूरचा फ्रीझर बंद पडला.
तेवीसशे कुप्या, पहाटेपर्यंत पाणी.
मी आधी फोन केला खल्फानना,
का ते मलाही माहीत नाही,
कदाचित त्यांचाच नंबर वर होता,
आदल्या दिवशीच्या भांडणामुळे.
ते म्हणाले, "आलो."
आइस्क्रीमच्या कारखान्यातल्या पहारेकऱ्याला उठवून
कोरडा बर्फ घेतला,
सूरच्या मासळी बाजारातून थर्माकोलचे खोके,
आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं
सकाळी सातला माझ्या दारात,
दिशदाशाला सुरमईचा वास.
निळी, पिवळी, सगळी झाकणं एकाच फळीवर गेली.
कुणाची फळी, हे विचारायला वेळ नव्हता.
एकसष्ट वितळल्या. तक्त्यात तसं लिहिलं.

त्यानंतर निझवाची वही आली.
न मागता, कहव्याशिवाय.
आणि मग संगणकाने दाखवलं:
निझवाचा ११२ आणि सूरचा ०४१७
हा एकच माणूस.
तीन वर्षांपूर्वी तिथे तपासला होता,
तेव्हा मूत्रपिंड बरीचशी शाबूत.
कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं
की तो दुसरीकडे पुन्हा मोजला जाईल.
दोन ठिपके होते, त्यांची रेघ झाली.
उतरती.
डॉक्टर झुवैना बराच वेळ बघत राहिल्या,
मग म्हणाल्या, "अशा किती आहेत, काढ."
दोनशे आठ निघाल्या.
बहुतेकांचा उतार उन्हाळ्यात.

तिसऱ्या ठिपक्याची जागा रिकामी आहे.
व्हिसा संपला, त्याला परत पाठवलं,
आता चिपळूणला डायलिसिस, आठवड्यातून दोनदा,
असं कळलं. कुणाकडून, ते सोडा.
तिथल्या हॉस्पिटलला पत्र लिहायला घेतलंय,
दोन्ही डॉक्टरांच्या सहीचं,
आणि पहिल्यांदाच मराठीत.
त्यांनी त्याला विचारावं, तो हो म्हणाला तर
सकाळी, उपाशी पोटी, पाच मिली.
झाकण कुठल्याही रंगाचं चालेल.